पाकट मासा: वाळूखालचं आयुष्य आणि त्यातून काय घ्यावं

निळीशाई

पाकटाबद्दल जे काही कानावर येतं ते बहुतेक त्याच्या शेपटीवरच्या विषारी काट्याबद्दल असतं. या माशाने मला कित्येक वर्षं वेड लावलंय, आणि जितकं वाचावं तितकं एकच जाणवतं, की काटा ही त्याच्या जगण्यातली अगदी शेवटची गोष्ट आहे. तिच्या आधी जे येतं ते सहसा कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

पाकट शार्कच्या गोतावळ्यातला. अंगात एकही हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा. जगात याच्या सव्वादोनशेच्या आसपास जाती आहेत. बहुतेक उष्ण आणि समशीतोष्ण समुद्रांत किनाऱ्यालगत राहतात. वाळूचे सपाट तळ, गाळ, समुद्री गवताची कुरणं, खारफुटीच्या मुळांमधलं संथ पाणी, प्रवाळांच्या मधले वाळूचे पट्टे ही त्यांची घरं. अपवादही मोठे आहेत. एक जांभळट रंगाची जात तळाला टेकतच नाही, सगळं आयुष्य खुल्या समुद्रात पोहत काढते. दुसऱ्या टोकाला दक्षिण अमेरिकेच्या नद्यांमधले पाकट. त्यांचा समुद्राशी काही संबंधच उरलेला नाही. खाऱ्या पाण्याशी तोल राखण्यासाठी शार्क आणि पाकट रक्तात युरिया साठवून ठेवतात. तो साठवण्याची क्षमतासुद्धा या नदीतल्या पाकटांनी गमावली आहे.

अंगाची ठेवण बघा. डोळे पाठीवर, तोंड पोटाकडे. म्हणजे जे खायचं आहे ते तोंडाशी आलं की दिसतच नाही! श्वासाचीही हीच अडचण. वाळूत पोट टेकवून बसलेल्या माशाने तोंडाने पाणी ओढलं तर वाळूच आत जाईल. म्हणून डोळ्यांच्या मागे दोन भोकं आहेत, त्यातून पाणी आत घ्यायचं आणि खालच्या कल्ल्यांतून सोडायचं. बसताना पंख दोन-चारदा फडफडवून अंगावर वाळू उडवून घेतली की वर फक्त डोळे आणि ती दोन भोकं उरतात.

न दिसणारं भक्ष्य सापडतं ते वासाने आणि विजेने. प्रत्येक सजीवाच्या भोवती पाण्यात अगदी क्षीण विद्युतक्षेत्र असतं. पाकटाच्या तोंडाभोवती, पोटाच्या कातडीत जेलीने भरलेल्या बारीक नळ्या असतात, त्यांनी ते कळतं. स्टेफानो लॉरेन्झिनीने या नळ्यांचं वर्णन १६७८ मध्ये केलं, पण त्या कशासाठी आहेत हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९७१ मध्ये आद्रियान काल्माइन यांनी शार्क आणि पाकटाच्या नात्यातल्या एका माशावर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. वाळूत पुरलेला चपटा मासा वास अडवणाऱ्या पण वीज जाऊ देणाऱ्या जेलीच्या पेटीत ठेवला, तरी तो बरोबर सापडला. वर विद्युतरोधक पातळ प्लास्टिक पसरलं तेव्हा मात्र डोक्यावरून पोहत जाऊनही पत्ता लागला नाही. मग मासा काढून नुसते इलेक्ट्रोड पुरले, तर शिकारी थेट त्यांच्यावरच तुटून पडले.

आता काट्याकडे. पाकटाचा बचाव पायरीपायरीने होतो. आधी लपणं. मग दम धरून निश्चल राहणं. मग पळणं, आणि पळताना वाळूचा लोट मागे सोडणं. यातलं काहीच जमलं नाही, अंगावर पाय पडला किंवा कोंडी झाली, तरच शेपूट उसळते. इतकं धारदार शस्त्र जवळ असून ज्याने सगळं आयुष्य ते वापरावं न लागण्याच्या तजविजीत घातलं, अशा प्राण्याकडून काही घेण्यासारखं आहे असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला काय वाटतं? माहितीतली भर तर हवीच आहे.

रानवाटा

सुंदर धागा. वाचनखूण साठवली आहे.

एक प्रश्न. डंख मारल्यावर मधमाशी मरते तसं पाकटाचं होतं का? म्हणजे काटा एकदाच वापरता येतो म्हणून तो इतका जपतो का?

तळगाळ

रानवाटा, नाही. काटा तुटला तरी मासा मजेत जगतो आणि जागी नवा काटा येतो. एरवीही काटे झडून नवे येत राहतात. त्यामुळे काही पाकटांच्या शेपटीवर एकामागे एक दोन काटे दिसतात, जुना गळायचा असतो आणि नवा तयार झालेला असतो.

काट्याची रचना पाहण्यासारखी आहे. तो दातासारख्या कठीण पदार्थाचा असतो. दोन्ही कडांना करवतीसारखे दाते, आणि त्यांची टोकं अंगाच्या दिशेने वळलेली. म्हणून आत जाताना जेवढी जखम होते त्याहून बाहेर येताना जास्त फाडतो. खालच्या बाजूने दोन खाचा असतात, त्यांत विष बनवणारी ऊती. सापासारखी विषाची पिशवी नाही, नळी नाही, पंप नाही. वरचं पातळ कातडं फाटलं की ती ऊती जखमेत चिरडते आणि विष पसरतं. म्हणजे विष सोडायचं की नाही हे त्या माशाच्या हातात नसतंच.

आणि निळीशाई, तुमच्या मुद्द्याला पुस्ती जोडतो. काटा फार खात्रीचा बचाव नाही. मोठे हातोडी शार्क पाकट आवडीने खातात. रुंद डोक्याने ते त्याला तळाशी दाबून धरतात आणि आधी पंखांचे लचके तोडतात, म्हणजे पळता येत नाही. अशा शार्कच्या जबड्यात रुतलेले काटे सापडतात, तरी ते खात राहतात. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर ओर्का देवमासे पाकटांची शिकार करतात. तेव्हा लपणं ही पाकटाची सज्जनता नव्हे, ती गरज आहे. ज्याचा काटा ओर्काला थांबवू शकत नाही त्याला वाळूच वाचवते.

औषधपाणी

दवाखान्यातला अनुभव आहे म्हणून उपयोगाचं तेवढं लिहिते.

पाकटाचा डंख बहुतेक वेळा पाऊल, घोटा किंवा पोटरीला बसतो, कारण माणूस उथळ पाण्यात चालताना नेमका त्याच्या पाठीवर पाय देतो. उपाय सोपा आहे. पाय उचलून टाकू नका, तळाला घासत सरकवत चला. वाळूतली थरथर त्याला लांबून कळते आणि तो स्वतःहून निघून जातो. त्याला पळायला वेळ मिळाला पाहिजे, बस्स.

लागलंच तर वेदना भयंकर असतात आणि पहिल्या तास-दीड तासात वाढत जातात. पाकटाचं विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेने निकामी होतं. जखमेचा भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश सेल्सिअसपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. पाणी आधी चांगल्या पायाने तपासा, कारण वेदनेत भाजल्याचं कळत नाही. बर्फ लावू नका. मग डॉक्टरकडे जायचंच. काट्याचे तुकडे आत राहतात, ते पाहायला एक्स-रे लागतो, आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही.

छाती, पोट किंवा मानेत काटा रुतला असेल तर तो अजिबात उपसू नका. तसाच स्थिर ठेवून थेट रुग्णालयात न्या. दातांची दिशा वर तळगाळ यांनी सांगितलीच आहे, ओढताना आतलं सगळं फाटतं.

शंकासूर

माहिती उत्तम आहे, पण धाग्याच्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल माझा आक्षेप आहे.

निसर्गाकडून धडे घ्यायचे म्हणजे नक्की काय? पाकटाकडून संयम घ्यायचा, तर हातोडी शार्ककडून काय घ्यायचं, दुबळ्याला आधी पंगू करा? आपण आपल्याला आधीच पटलेली गोष्ट प्राण्याच्या तोंडी घालतो आणि मग ती त्याच्याकडून शिकलो असं म्हणतो. पाकट संयमी नाही आणि क्रूरही नाही. लाखो वर्षांत ज्यांनी लपणं साधलं त्यांची पिल्लं जगली, एवढीच ती गोष्ट. तिच्यात नीती शोधली की माशाकडे बघणं थांबतं.

निळीशाई

शंकासूर, हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून नीट उत्तर देते.

पाकट सद्गुणी आहे असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की एखादा जीव त्याची अडचण कशी सोडवतो ते बारकाईने पाहिलं की आपल्या विचारांना नव्या वाटा फुटतात. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथला अभ्यास घ्या. तिथे काउटेल नावाचे पाकट उथळ पाण्यात विसावतात. पाणी गढूळ असलं आणि येणारा शिकारी दिसण्याची शक्यता कमी असली की ते एकत्र जमतात. गोल करून बसतात, डोकी आत आणि शेपट्या बाहेर. त्याहून विशेष म्हणजे शेजारी निवडायची वेळ आली की ते व्हिपरे या दुसऱ्या, लांब शेपटीच्या जातीच्या पाकटांजवळ बसणं पसंत करतात. व्हिपरेंना धोका आधी कळतो आणि ते आधी उठतात, असं संशोधकांना दिसलं. पाणी स्वच्छ असेल तेव्हा मात्र काउटेल एकेकटेही खुशाल विसावतात, कारण जमावाने बसण्याचे तोटेही आहेत. एकमेकांच्या अडथळ्यामुळे पळायला उशीर होतो.

यात नीती नाही, मान्य. पण सोबत कधी घ्यावी, कुणाची घ्यावी आणि तिची किंमत काय, हा प्रश्न एका माशाने परिस्थितीनुसार वेगवेगळा सोडवलेला दिसतो. तो पाहून मी माझ्या आयुष्याबद्दल वेगळा विचार करू शकले, तर त्यात माशाच्या तोंडी शब्द घालणं कुठे आलं?

शंकासूर

हे पटण्यासारखं आहे, कारण इथे तुम्ही आधी पाहिलंत आणि मग बोललात. माझी भीती उलट क्रमाची आहे.

तळगाळ

उलट क्रमाचं एक खरं उदाहरण या माशाच्याच बाबतीत घडलं आहे. जरा लांबण लागेल, पण मला ते सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर काउनोज नावाचा पाकट आहे. तो कळपाने फिरतो, मोठाली स्थलांतरं करतो. दात फरशांसारखे सपाट, त्यांनी शिंपले फोडतो. २००७ मध्ये ‘सायन्स’ या पत्रिकेत एक शोधनिबंध आला. त्याची मांडणी अशी: मासेमारीने मोठे शार्क कमी झाले, त्यामुळे काउनोज पाकट बेसुमार वाढले, आणि त्यांनी स्कॅलॉप जातीचे शिंपले इतके फस्त केले की नॉर्थ कॅरोलायनातला शंभर वर्षांचा जुना शिंपल्यांचा धंदा बसला. ही गोष्ट अतिशय देखणी होती. वरचा शिकारी काढला की खालची सगळी उतरंड कोसळते, हा निसर्गाचा धडा! पाठ्यपुस्तकांत जावी इतकी नेटकी.

लोकांनी तिच्यातून कृती काढली. चेसापीक खाडीत पाकट खा आणि खाडी वाचवा अशी मोहीम निघाली. पाकट मारण्याच्या स्पर्धा भरू लागल्या. बोटीवरून धनुष्यबाणाने पाकट टिपायचे, सर्वांत वजनदार मासा आणेल त्याला बक्षीस. आता हे पाकट उन्हाळ्यात खाडीत कशाला येतात? पिल्लं घालायला. वजनदार मासा म्हणजे बहुतेकदा पोटुशी मादी.

२०१६ मध्ये डीन ग्रब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडणी पुन्हा तपासली. काळाचा मेळच बसत नव्हता, शिंपल्यांची घट पाकटांच्या कथित वाढीच्या आधीपासूनची होती. पाकटांच्या आहारात हे शिंपले जेमतेम असतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे काउनोज मादी सात-आठ वर्षांची झाल्यावर वयात येते, जवळजवळ वर्षभर पिल्लू पोटात वाढवते आणि वर्षाला एकच पिल्लू देते. अशा प्राण्याची संख्या झपाट्याने फुगूच शकत नाही. उलट मारायला लागलं तर ती झपाट्याने कोसळेल, आणि सावरायला कित्येक दशकं जातील.

२०१७ मध्ये त्या खाडीलगतच्या मेरीलँड राज्याने कायदा करून अशा स्पर्धा थांबवल्या. मधल्या काळात मेलेल्या माद्या आणि त्यांच्या पोटातली पिल्लं गेली ती गेलीच.

वर्षाला एक पिल्लू, ही गोष्ट कुणाही अभ्यासकाला माहीत होती. तेवढी एक जरी देखण्या गोष्टीच्या शेजारी ठेवून पाहिली असती तरी शंका यायला हवी होती. म्हणून मी म्हणेन, निसर्गाकडून जरूर शिका, पण आधी त्या प्राण्याची वीण मोजा, आहार तपासा, त्याचं वय बघा.

रानवाटा

तळगाळ, हे वाचून सुन्न झालो. पोटुशी मादी वजनदार म्हणून तिला बक्षीस!

खडूफळा

याच संदर्भात टीव्हीवरच्या प्राण्यांच्या कार्यक्रमांमुळे गाजलेल्या ऑस्ट्रेलियन स्टीव्ह अर्विनची आठवण आली. वर्गात प्राण्यांबद्दल बोलताना मुलं हमखास त्याचं नाव काढतात, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा.

४ सप्टेंबर २००६ ला ग्रेट बॅरियर रीफच्या बॅट रीफवर चित्रीकरण चालू असताना एका मोठ्या पाकटाच्या अगदी जवळ तो पोहत होता. काटा छातीत लागला आणि तो गेला. अशी घटना अत्यंत दुर्मिळ. त्यानंतर काही दिवसांतच क्वीन्सलँडच्या किनाऱ्यांवर किमान १० मेलेले पाकट सापडले, काहींच्या शेपट्या कापलेल्या. सूड म्हणून कुणीतरी मारले असावेत असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं. त्याच्या प्राणिसंस्थेच्या लोकांनी जाहीरपणे सांगितलं की असं वागणं त्याला कधीच चाललं नसतं. ज्या माणसाने मगर आणि साप यांच्याबद्दलची भीती कमी करण्यात आयुष्य घातलं, त्याच्या नावाने भित्रे मासे मारले गेले, हे मला आजही सहन होत नाही.

मुलांना मी हे सांगते. डंखाची गोष्ट सांगायची तर तिच्या पुढची शेपट्या कापल्याची गोष्टही सांगितलीच पाहिजे.

काचघर

पाकट पाळलेल्या ठिकाणी काम केलं आहे. त्यांच्या डोक्याबद्दल कुणी काही लिहिलं नाही म्हणून लिहितो. हे मासे मठ्ठ नाहीत, अजिबात नाहीत.

बॉन विद्यापीठातला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण अमेरिकेच्या नदीतले पाकट आणि सिक्लिड मासे यांना आकृत्यांची चित्रं दाखवली. आकृत्या निळ्या असतील तर एक मिळवायचा, पिवळ्या असतील तर एक वजा करायचा, आणि बरोबर उत्तराच्या दाराने पोहत जायचं. आठ पाकटांपैकी चौघांना हे जमलं. सिक्लिड जास्त संख्येने शिकले, पण जे पाकट शिकले त्यांची उत्तरं सिक्लिडांपेक्षा जास्त वेळा बरोबर यायची. तळाशी पडून राहणाऱ्या आणि मोजण्याची काहीच गरज नसलेल्या माशाने हे करावं!

त्याआधीचा, २०१० चा एक प्रयोगही मला फार आवडतो. नळीत अडकवलेलं खाणं बाहेर काढायचं होतं. पाकटांनी पंख हलवून, अंगाने चोखून, तोंडातून पाण्याचा झोत सोडून ते काढलं, म्हणजे पाणीच अवजार म्हणून वापरलं. वाळूतलं भक्ष्यसुद्धा ते असंच उघडं पाडतात.

आणि हो, हे नदीतले पाकट किड्यांच्या अळ्या चक्क चावून खातात. जबडे आडवे सरकवून चर्वण करतात. किड्याचं कवच चिवट, ते नुसतं दाबून फुटत नाही. चर्वण ही सस्तन प्राण्यांची मक्तेदारी आहे असं समजलं जायचं.

पोहतानाचं त्यांचं रूप काचेतून तासनतास पाहिलं तरी मन भरत नाही. वाऱ्यावर पडद्याची कड हलावी तशी पंखांची लाट पुढून मागे जाते, आणि उलटी फिरवली की मासा मागेही सरकतो.

तळगाळ

काचघर, झोताचा मुद्दा काढलात ते बरं झालं. भक्ष्य शोधताना पाकट तळाला खड्डे करतो. ऑस्ट्रेलियातल्या निंगालू इथल्या अभ्यासात असा हिशेब निघाला की त्या भागातला सुमारे ४२ टक्के मऊ तळ पाकट वर्षभरात उलथापालथा करतात. त्यामुळे खालचा गाळ वर येतो, त्यात प्राणवायू शिरतो, आणि उघड्या पडलेल्या किड्यांवर दुसरे मासे पोट भरतात. ओहोटीला उथळ तळावर जे वाटोळे खड्डे दिसतात त्यांतले कितीतरी यांचेच.

पाणबुडी

मी एका वेगळ्या बाजूने लिहितो. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटाजवळ वाळूचा एक उथळ पट्टा आहे, तिथे पर्यटक पाण्यात उतरून पाकटांना हाताने खाऊ घालतात. पूर्वी कोळी तिथे मासे साफ करायचे, टाकलेल्या आतड्यांसाठी पाकट यायचे. १९८० च्या दशकापासून त्याचं पर्यटन झालं.

हीच जात जंगली अवस्थेत रात्री भटकते, एकटी भटकते आणि लांबवर जाते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की खाऊ घातले जाणारे पाकट दिवसा जागे असतात आणि रात्री छोट्याशा पट्ट्यात पडून राहतात. कळपाने राहतात, एकमेकांना चावतात. त्याआधीच्या तपासण्यांत त्यांच्या अंगावर बोटींच्या जखमा आणि परजीवी जास्त आढळले, रक्तातही फरक होते. त्यांना देतात ते माकूल, म्हणजे स्क्विड, तो त्यांचा मूळ आहारही नाही.

रानवाटा

पण पाणबुडी, ज्या लोकांनी तिथे पाकटाला हात लावला त्यांची भीती तर गेली ना? खडूफळा ताईंनी सांगितलेली सूडबुद्धी अशा भेटींनी कमी होत असेल, तर ते बरंच नाही का?

पाणबुडी

भीती जाते हे खरं आहे, आणि तिथल्या लोकांना त्या माशांचं मोल वाटतं हेही खरं. तरी मला वाटतं, प्राण्याला त्याचा दिवस-रात्र बदलायला लावून मिळवलेली ओळख ही त्याची ओळख नव्हे. मी पाण्यात असताना पाकट दिसला की थांबतो. लांबून बघतो. वरून जात नाही, पळायची वाट अडवत नाही. पाच मिनिटं स्थिर राहिलं तर तो आपलं काम पुढे चालू करतो. खड्डे खणतो, कल्ल्यांतून वाळूचे लोट सोडतो. ते बघण्यासारखं असतं, खाऊ घेतानाचा मासा नव्हे.

शंकासूर

पाणबुडी यांच्याशी पूर्ण सहमत.

औषधपाणी

पिल्लांबद्दल कुणी सांगेल का? काटा घेऊन पिल्लू जन्माला येतं, तर आईला इजा होत नाही?

तळगाळ

काटा असतोच, पण जन्माच्या वेळी तो मऊ आवरणात गुंडाळलेला असतो.

पाकट अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लं देतात. सस्तन प्राण्यांसारखी वार (प्लासेंटा) नसते. सुरुवातीला पिल्लू बलकावर वाढतं, मग गर्भाशयाच्या अस्तराला आलेल्या बोटांसारख्या उंचवट्यांतून चरबी आणि प्रथिनांनी भरलेला दुधासारखा रस स्रवतो, तो पितं. जन्मल्याबरोबर ते आईची छोटी प्रतिकृती असतं, लगेच पोहतं, लगेच वाळूत लपतं. त्यापुढे आई त्याच्याकडे बघत नाही.

विजेचा आणखी एक उपयोग इथे येतो. कॅलिफोर्नियाच्या गोल पाकटांवर १९९५ मध्ये काम झालं. माद्या वाळूत गाडून घेतलेल्या असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्या श्वासाबरोबर विद्युतक्षेत्र कमी-जास्त होत राहतं, त्यावरून नर त्यांना शोधतात. आणि दुसऱ्या माद्यासुद्धा त्याच खुणेने येऊन शेजारी विसावतात.

निळीशाई

इतकी कमी पिल्लं, इतकी सावकाश वाढ, म्हणूनच परिस्थिती बिकट आहे. २०२१ च्या जागतिक पाहणीनुसार शार्क, पाकट आणि त्यांचे नातेवाईक मिळून एक तृतीयांशाहून अधिक जाती धोक्यात आहेत, आणि मुख्य कारण अतिरेकी मासेमारी. दुसऱ्याच माशासाठी तळ खरवडत नेलेल्या जाळ्यात हे सापडतात.

डिसेंबर २०२३ मध्ये जावा बेटाजवळचा एक छोटा पाकट नामशेष जाहीर झाला. माणसामुळे नाहीसा झालेला पहिला सागरी मासा म्हणून त्याची नोंद झाली. त्याचा एकमेव नमुना १८६२ मध्ये जाकार्ताच्या मासळी बाजारातून घेतलेला. म्हणजे त्या जातीला जिवंत, पोहताना, वाळूत बसताना पाहून कुणी दोन ओळी लिहून ठेवल्याचं नाहीच. त्याचं वागणं काय होतं, तो कुणाशेजारी विसावायचा, सगळं गेलं. शंकासूर, तुम्ही म्हणालात ना, आधी पाहायचं आणि मग बोलायचं. इथे पाहायलाच उरलं नाही. मला या बातमीने अनेक दिवस झोप लागली नव्हती.

काचघर

दुसरी बाजूही असावी म्हणून. जून २०२२ मध्ये कंबोडियात मेकाँग नदीत एका कोळ्याच्या गळाला महाकाय पाकट लागला. वजन ३०० किलो, शेपटीसकट जवळजवळ चार मीटर लांब. तोवर वजन नोंदवलेल्या गोड्या पाण्यातल्या माशांत हा सर्वांत मोठा. त्याने तो कापून विकला नाही, त्या भागात काम करणाऱ्या संशोधकांना कळवलं. त्यांनी कोळ्याला त्याचा मोबदला दिला, माशाला खुणेचं यंत्र बसवलं आणि मादी परत नदीत सोडली. तिचं नाव बोरामी ठेवलं. ती कुठे जाते, कुठल्या डोहात राहते ते त्या यंत्राने कळावं, हा हेतू होता.

रानवाटा

हा प्रकार मला सगळ्यात आवडला. कोळ्याला मोबदला, माशाला जीव, आणि माहितीही मिळाली.

मीही गळ टाकतो. चुकून पाकट लागलाच तर काय करायचं? बरेच जण आधी शेपूट छाटतात.

पाणबुडी

शेपूट छाटू नका, काटाही उपटू नका. शक्यतो पाण्यातून वर काढूच नका. लांब दांड्याच्या पकडीने गळ सोडवता आला तर सोडवा, नाहीतर दोरी तोंडाशी जितकी जवळ कापता येईल तितकी कापून टाका. उचलावाच लागला तर डोळ्यांमागच्या भोकांत बोटं घालून उचलू नका, तिथून तो श्वास घेतो. मोठ्या ओल्या जाळीत घ्या. सगळा वेळ शेपटीच्या टप्प्याबाहेर उभे राहा, आणि पाय वाळूत घासत मागे सरका, कारण एक आहे तिथे दुसराही असू शकतो.

रानवाटा

लांब पकड घेतो. अजून एक, रात्री उथळ पाण्यात उतरताना टॉर्चने ते बिचकतात का?

पाणबुडी

उजेडापेक्षा पावलांवर भरवसा ठेवा. घासत चाला.